यामनाची अक्षरी रक्कम

चेरीच्या बागांचं कुंपण संपलं आणि रस्ता खाली सफ्रूकडे वळला, तशी यामना पुन्हा थांबली. अंगातल्या लांब झग्याचा, जेलाब्याचा घोळ गुडघ्यांत आवळून ती रस्त्याकडेच्या धुळीत उकिडवी बसली आणि हातातल्या काटकीनं लिहायला लागली. ‘आठ हजार दिरहम फक्त.’ लिहून झाल्यावर उजवीकडून डावीकडे बोट फिरवत तिनं ते मोठ्यानं वाचलं, पायानं पुसलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

नझीहा मागे पिशवी सांभाळत उभी होती. मशिदीच्या तळघरात बायकांचा साक्षरता वर्ग चालतो, त्याची ही शिक्षिका. वयानं यामनाच्या धाकट्या मुलीएवढी.

"खालती, आता आलं की तुम्हाला," ती म्हणाली. मावशीच्या वयाच्या बाईला त्यांच्या भलील गावात खालतीच म्हणतात.

"इथं आलं. मातीला काय, माती गप्प बसते. तिथं दुकानात माणसं बघत असताना आलं पाहिजे."

"येईल, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला. पण काटकी टाकू नकोस, पुलापाशी अजून एकदा लिहिते."

वरून बा अल्लाल गाढवावर बसून येत होता. त्यानं लगाम ओढला आणि धुळीतल्या रेघांकडे बघितलं.

"काय गं यामना, जमिनीला पत्र लिहितेस?"

"जमिनीला नाही, तुझ्या गाढवाला. त्याला वाचता येतं म्हणे."

"माझ्यापेक्षा बरं वाचतं," म्हातारा म्हणाला. "टॅक्सीनं का नाही गेलीस? आज गुरुवार, बाजाराच्या गाड्या भरभरून चालल्यात."

"गाडीत सहा माणसं कोंबतात. सहा जण सहा गोष्टी बोलतात आणि माझ्या डोक्यातलं सांडतं."

"मग सांभाळून ने," असं म्हणून त्यानं गाढवाला टाच मारली.

टॅक्सी सोडून पायी चालायचं यामनानंच ठरवलं होतं, आणि निघताना नझीहाकडून एक वचनही घेतलं होतं. दुकानात काहीही झालं तरी उस्तादेनं, म्हणजे शिक्षिकेनं, तोंड उघडायचं नाही. खोकायचंही नाही. डोळ्यांनी खुणवायचं नाही. नझीहानं आधी हसण्यावारी नेलं, तर यामना दारातून हलेना. "अल्लाहला साक्षी ठेवून म्हण," म्हणाली. मग म्हणावंच लागलं.

वचन देताना नझीहाला त्याचं ओझं वाटलं नव्हतं. आता प्रत्येक वळणावर वाटत होतं.

यामनाचा जन्म भलीलातला. घराची मागची खोली डोंगरात कोरलेली, पुढची दगडमातीची, आणि मधल्या उंबऱ्यावर तिचं बालपण गेलं. आई जेलाब्याच्या गुंड्या करायची. कागदाची बारीक सुरळी, तिच्यावर रेशमासारख्या साबरा धाग्याची वीण, सुईनं एकेक टाका घालत, डाळिंबाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी गुंडी. शाळा होती, पण ती भावांसाठी. दुधाचे दात पडायच्या वयात यामनाच्या हातात सुई आली आणि पुढे सगळ्या आयुष्याचं शिवण त्याच सुईनं झालं. बुशताशी लग्न झालं तेव्हा मेंदीच्या रात्रीच्या जेलाब्याला स्वतःच्याच हातच्या गुंड्या होत्या. बुशता रस्त्याच्या कामावर जायचा. खडी अंगावर येऊन तो गेला, तेव्हा दोन मुली होत्या, एक मेक्नेसला दिली, एक फेजला. देताना दोघींच्या कपड्यांच्या गुंड्याही हिनंच केल्या.

हिशोबात ती कधी चुकली नाही. गुंड्या न्यायला सफ्रूचा व्यापारी यायचा, आणि यामना बोटं न मोडता तोंडानं सगळं सांगायची. पण ते सगळं रियालात. रियालाचं नाणं आज कुणाच्या खिशात नाही, तरी गल्लीत दुसरं कुणी काही बोलत नाही. वीस रियालांचा एक दिरहम. पाव चोवीस रियाल, सुईचं पाकीट शंभर रियाल, बोकडाचा भाव तर ऐकणाऱ्याची छाती दडपेल असा. नोटेवर दिरहम छापलेला असतो. नोट हातात घेऊन माणूस रियाल म्हणतो आणि समोरच्याला बरोबर कळतं. तोंडातून तोंडात पैसा फिरतो तोवर काही अडत नाही. कागद मध्ये आला की अडतं.

यामनाचं पहिल्यांदा अडलं ते बुशता गेल्यावर. सासरच्या ऑलिव्हच्या झाडांत त्याचा वाटा होता, तो दिरांनी विकला आणि तिचे पैसे तिला दिले. अदूलनं, म्हणजे कागद करणाऱ्यानं, सगळं वाचून दाखवलं, रक्कम अक्षरात वाचली, आणि तिनं शाईचा अंगठा उठवला. पुढे कितीतरी वर्षांनी वर्गात ही गोष्ट निघाली, तेव्हा एकीनं विचारलं, "फसवलं काय गं तुला?"

"फसवलं असं मी म्हणत नाही," यामना म्हणाली. "कागद बरोबरच असेल. पण बरोबर आहे हे मला दुसऱ्यानं सांगितलं. त्या दिवशी घरी जाऊन कणीक मळायला बसले, तर अंगठा निळा. पाव करायचा तर करायचा कसा, राख लावून घासत बसले."

तिला एवढंच सांगायचं होतं. ती पुन्हा पाटीकडे वळली.

गुंडीवाल्या बायकांनी सहकारी संस्था काढली, तेव्हा लल्ला फत्तूमा अध्यक्ष झाली आणि खजिनदार म्हणून सगळ्यांच्या तोंडी यामनाचं नाव आलं. चेकवर दोघींची सही लागे. यामनानं सही शिकून घेतली, वेलबुट्टी काढावी तशी. चेक भरायचा मात्र हमीदू. हा फत्तूमाचा धाकटा दीर, शिकलेला, स्वभावानं गरीब. अक्षरी रक्कम तो लिही, आकडा तो घाली, यामना खाली वेलबुट्टी काढी.

एक दिवस तिनं विचारलं, "ही वरची ओळ काय आहे रे? आकडा तर खाली चौकटीत आहे."

"ती रक्कम, खालती. अक्षरात."

"आकडा असताना ती कशाला?"

"आकड्यात आणि अक्षरात फरक पडला तर बँक अक्षर धरते."

यामना पेन हातात धरून बसली. मग तिनं ते खाली ठेवलं. "म्हणजे मला वाचता येतं ते खोटं, आणि वाचता येत नाही ते खरं."

"खालती, माझ्यावर विश्वास नाही काय?"

"तुझ्यावर आहे रे बाबा. माझ्या सहीवर नाही राहिला."

त्या दिवसापासून तिनं सही केली नाही. आधी बायका हसल्या, मग समजावलं, मग चिडल्या. धागा संपत आला होता. रमजानच्या तोंडावर फेजचे शिंपी ईदचे जेलाबे शिवायला घेतात, गुंड्या त्याच्या आत पोचल्या पाहिजेत. चेकबुकात शेवटचं पान उरलं होतं, नवं यायला पंधरवडा लागणार. ते पान तुहामीच्या दुकानात दिलं तर धागा मिळणार, आणि धागा मिळाला तर चाळीसएक घरांची ईद होणार. फत्तूमानं सभा बोलावली.

"हे बघ यामना," ती म्हणाली, "तू माझ्या बहिणीसारखी. पण बायका सुया घेऊन रिकाम्या बसल्यात. पुढच्या गुरुवारी तू लिही नाहीतर कुणाकडून लिहून घे, चेक गेला पाहिजे. नाही गेला, तर खजिनदारी हमीदूकडे जाईल. माझी सही मी करून ठेवते."

"गुरुवारी मीच लिहीन," यामना म्हणाली. तिनं तेच पुन्हा एकदा म्हटलं आणि उठली.

वर्गात ती आधीपासून येत होतीच. पहिल्या दिवशी नझीहानं प्रत्येकीला विचारलं होतं, काय वाचायचंय? कुणी म्हणालं नमाजातलं, कुणी औषधाच्या खोक्यावरचं, एक म्हणाली नातवाचं पत्र. यामना म्हणाली, "पैसे." नझीहाला मशिदीत हे जरा कसंसं वाटलं. मग घरी जाऊन रात्रीची, इशाची नमाज पढताना तिच्या मनात आलं, देणंघेणं नीट लिहून ठेवा हे तर अल्लाहचंच सांगणं आहे, आणि त्यात बाईनं वाचू नये असं कुठं म्हटलंय? दुसऱ्या दिवशी तिनं फळ्यावर ‘अलिफ’च्या शेजारी ‘एक’ लिहिलं.

अक्षरं यामनाला लवकर आली. बोटांना बारीक कामाची सवय होती. अडायचं ते एकाच ठिकाणी. तोंडात रियाल, कागदावर दिरहम, आणि मधला उंबरा ओलांडताना पाय अडखळायचा. एकदा पाटीवर तिनं लिहिलं, ‘पाव, चोवीस दिरहम.’ सगळा वर्ग हसला. "यामनाच्या घरी सोन्याचं पीठ दळतात," रुकय्या म्हणाली. नझीहानं तिला एक रीत सांगितली, रियालाचं निम्मं करायचं आणि शेवटचं एक शून्य टाकायचं, झाले दिरहम. यामनानं ती रीत पाठ केली, पण पाठ केलेलं हाताखाली यायला वेळ लागतो.

तुहामीनं फोनवर भाव सांगितला होता, सगळ्या धाग्याचे मिळून एक लाख साठ हजार रियाल. म्हणजे आठ हजार दिरहम. सरळ, गोल रक्कम. यामनानं ती आठवडाभर पाटीवर, पिठात, भिंतीवरच्या चुन्यात लिहिली. आणि आता धुळीत.

पुलापाशी तिनं म्हटल्याप्रमाणे पुन्हा लिहिली. खाली नदीवर बायका लोकर धूत होत्या. नझीहाच्या मनात भीती दाटली होती. चेकचं पान एकच. आज हिचा हात चुकला तर नुसती खजिनदारी जाणार नाही. तळघरात बसणाऱ्या बायका म्हणतील, यामनाला जमलं नाही, तर आपलं काय. त्यातल्या किती शनिवारी परत येतील, कोण जाणे.

"हातावर लिहून देऊ का? बाही खाली घेतली की दिसणार नाही," ती म्हणाली.

यामनानं तिच्याकडे असं बघितलं, की नझीहानं पेन परत पिशवीत टाकलं.

तुहामीचं दुकान जुन्या गावात, पुलापलीकडच्या अरुंद गल्लीत. छतापासून धाग्याच्या लडी लोंबत होत्या, केशरी, निळ्या, मधाच्या रंगाच्या. तुहामी पोट सांभाळत उठला, स्टुलं पुढे केली, पुदिन्याचा चहा ओतला.

"या, खजिनदारबाई. उस्तादाही आलीय? म्हणजे आज परीक्षा दिसते."

"परीक्षा तुझ्या धाग्याची," यामना म्हणाली. "काढ."

त्यानं गठ्ठे काढले. यामना एकेक लड हातात घ्यायची, ओढून बघायची, बाजूला ठेवायची. तपकिरी लडींपाशी ती थांबली. लडीचं टोक जिभेला लावून तिनं ते आपल्या पांढऱ्या ओढणीच्या कडेवर घासलं. कडेवर चहाच्या डागासारखा डाग उठला.

"हा रंग सोडतोय."

"आता तू चाटायला लागलीस तर कुठलाही सोडेल. मागच्या वर्षीही हाच नेला होता की."

"म्हणूनच फेजचा शिंपी मागच्या वर्षी माझे आईबाप काढत होता. कुणाच्या तरी पांढऱ्या जेलाब्यावर डाग पडले."

तुहामीनं हनुवटी खाजवली. "असं कर, तपकिरी राहू दे. मी वर थोडा काळा घालतो फुकट. ठरलेली रक्कम कशाला मोडायची? एक लाख साठ हजार, गोल हिशोब. तुलाही सोपं."

 तुहामीला काही ठाऊक नव्हतं, पण तो बोलला ते नेमकं होतं. तपकिरी घेतला तर आठ हजार, पाठ केलेले, चालत चालत रस्ताभर गिरवलेले. नाही घेतला तर रक्कम बदलणार, आणि बदललेली रक्कम यामनानं आयुष्यात कधी लिहिली नसणार.

यामनालाही ते कळलं होतं. तिचा हात छातीशी गेला, जिथं रुमालात घडी घालून चेक ठेवला होता. ती लडीकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी खेचर हाकत, "वाट द्या, वाट द्या," ओरडत गेलं.

"वजा कर," ती म्हणाली.

"बघ हं."

"बघितलं. पैसा माझा नाही. तपकिरी काढ आणि परत तोल."

तुहामीनं काढला, परत तोलला, कागदावर पेन्सिलीनं काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "एक लाख त्रेपन्न हजार तीनशे रियाल." मग पंजा पुढे केला. "आण तो चेक. मी लिहितो, तू सही कर. चहा निवतोय."

"निवू दे. मला एक रद्दी कागद दे."

"कशाला?"

"आधी रद्दीवर लिहिते, मग चांगल्यावर. जेलाब्यालाही आधी कच्चा टाकाच घालतो ना आपण."

त्यानं बांधायच्या जाड कागदाचा तुकडा फाडून दिला आणि पाठ फिरवून गठ्ठे बांधायला लागला. यामनानं पेन सुईसारखं चिमटीत धरलं. ओठ हलवत, "बिस्मिल्ला," म्हणून लिहायला लागली.

नझीहानं वाकून न बघायचं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. पहिलाच शब्द ‘शंभर’ होता; लाख म्हणजे शंभर हजार, असंच तिथं लिहितात. शंभर, मग तीन आणि पन्नास, मग हजार.  यामना ऐकलेलं लिहीत होती. रियाल लिहीत होती. आणि ओळीच्या शेवटी, आठवडाभराच्या सवयीनं, तिनं नीट गोल अक्षरात लिहिलं, ‘दिरहम फक्त’.

एक शब्द पुरला असता. नुसता खाकरण्याचा आवाज पुरला असता. नझीहानं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला, पुदिन्याच्या पानाकडे बघत राहिली आणि मनात दुआ म्हणत राहिली. काय मागावं हेही तिला धड कळत नव्हतं. चेक अजून रुमालात आहे, एवढाच आधार.

यामनानं पेन खाली ठेवलं. मग धुळीत करायची तसंच बोट उजवीकडे ठेवलं आणि मोठ्यानं, सावकाश वाचायला लागली. "एक लाख... त्रेपन्न हजार... तीनशे... दिरहम... फक्त."

तुहामीचा दोरा ओढणारा हात थांबला. "काय म्हणालीस?"

यामनानं बोट परत सुरुवातीला नेलं आणि पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. नझीहा बघत होती. बोट ‘दिरहम’वर आलं आणि तिथंच थांबलं.

"तुहामी," यामना म्हणाली, "एवढ्या पैशांत तुझं दुकान येईल काय रे?"

"दुकान येईल, वरचं घर येईल. वर सासूही देतो."

"सासू तुझ्याकडेच राहू दे. माझी एक होऊन गेली."

तो पोट हलवत हसला, आणि यामनाही हसली, पण तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. ओढणीच्या टोकानं तिनं ते पुसले, आणि तपकिरी डागाचं टोक कपाळाला लागलं. मग हळूच, कुणाशी न बोलता, ती पुटपुटायला लागली. "निम्मं. शहात्तर हजार साडेसहाशे. शून्य टाक." तिनं डोळे मिटले. "सात हजार सहाशे पासष्ट." डोळे उघडले. "हं."

पहिल्या ओळीखाली तिनं दुसरी ओळ लिहिली. सात हजार, आणि सहाशे, आणि पाच आणि साठ, दिरहम, फक्त. बोट ठेवून वाचली. परत वाचली. मग उलट्या वाटेनं पडताळा घेतला, दुप्पट करून एक शून्य जोडलं, आणि तुहामीला म्हणाली, "तुझे रियाल परत म्हण बघू." त्यानं म्हटले. जुळले.

तेव्हा कुठं तिनं रुमाल सोडला.

त्या पानावर लिहायला तिला किती वेळ लागला, नझीहानं मोजलं नाही. चहा निवला, तुहामीनं दुसरा ओतला, एक गिऱ्हाईक येऊन दारातूनच परत गेलं. यामना एकेक अक्षर टाक्यासारखं घालत होती, पहिलं घट्ट बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नव्हती. मध्ये एकदा पेन उचलून बोटं झटकली, आणि मग पुढे. ‘फक्त’ लिहिल्यावर पुढच्या रिकाम्या जागेत कडेपर्यंत आडवी रेघ ओढली, कुणाला मागाहून काही घुसडता येऊ नये म्हणून. चौकटीत आकडा घातला. शेवटी वेलबुट्टी.

चेक तिनं तुहामीसमोर फिरवून धरला. हातात दिला नाही. "वाच. मोठ्यानं."

तुहामीनं चष्मा लावला आणि वाचलं. तो वाचत असताना यामनाचे डोळे रद्दी कागदाच्या दुसऱ्या ओळीवर होते, बोट त्याच्या आवाजाबरोबर सरकत होतं. दोघं एकाच वेळी ‘फक्त’पाशी पोचले.

"अक्षर जरा अंगानं मोठं आहे," तुहामी म्हणाला.

"म्हणजे लांबून दिसेल," यामना म्हणाली आणि चेक सोडला.

परत जाताना धाग्याचे गठ्ठे होते, म्हणून टॅक्सीच घ्यावी लागली. सफ्रूच्या अड्ड्यावर जुनी मर्सिडीज उभी होती, सहा उतारू भरेपर्यंत ती हलणार नव्हती. मागच्या सीटवर दोघी गठ्ठे मांडीवर घेऊन बसल्या. यामनानं पिशवीतून हर्शा, रव्याची जाड भाकरी काढली, मोडून अर्धी नझीहाला दिली आणि वर दोन ऑलिव्ह ठेवले. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

"खालती," नझीहा म्हणाली, "मला वाटलं होतं मी मोडणार वचन."

"मला माहीत आहे. पेला दोन्ही हातांत धरून बसली होतीस, घोट एकही नाही."

"वाचून बघितलं नसतंत तर?"

"तर काय, तुहामीची सासू घेऊन घरी जावं लागलं असतं." ती हर्शा चावत राहिली. "फत्तूमाला मी सांगते आज. पेन माझ्याकडेच राहील म्हणून. हमीदूलाही मीच सांगते, नाहीतर त्याला वाईट वाटेल. गरीब आहे तो."

ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता, "भलील, भलील, एक जागा." यामनानं बाहीतून घडी घातलेला रद्दी कागद काढला. त्यावर दोन ओळी होत्या, वरची आणि खालची. तिनं तो मांडीवर उलगडला, हातानं सपाट केला आणि नझीहापुढे धरला.

"हा शनिवारी वर्गात फळ्याशेजारी लाव."

"लावते. वरची ओळ कापून टाकू का आधी?"

"कापायची नाही. दोन्ही ओळी लाव."

"हसतील, खालती. रुकय्या तर महिनाभर सोडणार नाही."

"हसू देत. माझ्या चोवीस दिरहमच्या पावाला हसल्या, त्यानंतर वर्गात एकीनं तरी पाव चोवीस दिरहमचा लिहिला? बघ आठवून." नझीहानं आठवून बघितलं, आणि नाही अशी मान हलवली. "पुढच्या वर्षी नियमानं खजिनदार बदलायचाय. त्या खोलीतल्याच कुणाला तरी हे पान भरायला लागणार. तुहामी तिलाही रियालातच सांगेल."

सहावा उतारू आला, कोंबडी घेऊन पुढच्या सीटवर शिरला, आणि गाडी सुरू झाली. कोंबडीनं पंख फडफडवले, ड्रायव्हरनं रेडिओ लावला, मागे कुणीतरी कांद्याच्या भावावरून बोलायला लागलं. यामनानं कागद घडी करून नझीहाच्या पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड स्वतःच्या हातानं बंद केलं.

"आणि खाली दोन शब्द तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे. यामनानं लिहिलं, गुरुवारी, दुकानात. कुणी विचारलं उस्तादा तिथं होती काय, तर होते म्हण. खोटं बोलू नकोस. पण तू एक शब्दही बोलली नाहीस, एवढं मात्र सांग त्यांना. माझ्यासाठी तेवढं सांग."